लाटेवर उतरणारी ‘हारुव दोणी’

सुट्टीत गोव्याला जायचे म्हटले की बेळगावकरांचा बेत ठरलेला असतो. पहाटे चोर्ला घाटाने निघायचे, मंगेशीला हात जोडायचे, दुपारी मासे, संध्याकाळी समुद्र. गेल्या खेपेला मात्र आमच्या भाच्याच्या हट्टापायी या यादीत बोगमाळोच्या वाटेवरचे नौदलाचे विमान संग्रहालय घुसले. तिथे एका जुन्या विमानासमोर पोरगा थबकला. पंख विमानाचे, पण पोट चक्क होडीचे.

“मामा, ही बोट का विमान?”

मी उत्तर जुळवेपर्यंत आमचे दाजी, धारवाडचे माणूस, पटकन म्हणाले, “हारुव दोणी!” उडती होडी. इतके नेमके उत्तर मला सुचले नसते.

ते विमान म्हणजे ‘सीलँड’. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीची ही दोन इंजिनांची छोटी उडती बोट पाण्यावर उतरायची आणि पोटाची चाके काढून धावपट्टीवरही. १९५३ साली भारतीय नौदलाने कोचीला अशी दहा विमाने आणली, आणि आपल्या नौदलाच्या हवाई शाखेचा संसार सुरू झाला तो याच विमानांवर. आज विमानवाहू जहाजे बाळगणाऱ्या नौदलाची पहिली पावले अशा होडीवजा विमानातून पडली, हे संग्रहालयात फिरणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे.

कर्नाटकाचेही या विमानांशी नाते आहे. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, तोच पुढे एच.ए.एल. झाला. दुसऱ्या महायुद्धात हा कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीसाठी वापरला गेला. तिथे ‘कॅटालिना’ नावाच्या उडत्या बोटी दुरुस्तीला येत, आणि त्या उतरत बेळ्ळंदूरच्या केरेवर. अलीकडे फेसामुळे आणि पाण्याला लागलेल्या आगीमुळे बातम्यांत आलेला तो हाच तलाव. तलावावर उतरणे त्या मानाने सोपे. खरा प्रश्न पुढेच आहे.

प्रश्न असा, की ‘उडती बोट’ असे भारदस्त नाव मिरवणाऱ्या बहुतेक विमानांची उघड्या समुद्रात उतरायची छातीच नव्हती. खाडी, तलाव, बंदराचा आडोसा असेल तर ठीक. भर समुद्रात पुरुषभर लाट उसळत असेल तर वैमानिक वरच घिरट्या घालणार. अगदीच जीव वाचवायला म्हणून कुणी उतरलाच, तर पुन्हा उडता येईल याची खात्री नाही. मग होडीचे पोट घेऊन फिरण्यात अर्थ काय? हा प्रश्न एका जपानी अभियंत्याने आयुष्यभर सोडला नाही. त्यातून लष्करासाठी एक प्रायोगिक विमान जन्माला आले. ते ज्या कामासाठी घडवले, त्या कामात ते हरले आणि भलत्याच कामात जिंकले. आजची गोष्ट त्याची.

अभियंत्याचे नाव शिझुओ किकुहारा. जन्म १९०६. कोबे शहराच्या परिसरातल्या कावानिशी विमान कंपनीत ते होते. १९३८ साली जपानी नौदलाने कंपनीला हुकूम दिला: इंग्लंड-अमेरिकेकडे आहेत त्यांच्यापेक्षा वेगवान आणि लांब पल्ल्याची, चार इंजिनांची उडती बोट हवी. किकुहारांचे वय तेव्हा जेमतेम बत्तीस.

पाण्यावरून विमान उडवणे का अवघड, हे घरीच करून बघा. घमेल्यातल्या पाण्यावर ताट सपाट टेकवा आणि एकदम सरळ वर उचला. पाणी ताटाला धरून ठेवते. विमानाच्या पोटाचेही तेच होते. म्हणून उडत्या बोटीच्या पोटाला मध्येच एक आडवी पायरी ठेवतात. वेग वाढला की त्या पायरीमागे हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि विमान पाण्यावरून घसरू लागते. ही युक्ती जुनीच. पण किकुहारांच्या विमानाचे पोट हवेत वेग मिळावा म्हणून अरुंद केले होते. त्यामुळे पाण्यावर धावताना तुषारांचे लोट थेट पंख्यांवर चढू लागले. पंखे पाण्याने झोडपले जाणारे विमान उडणार कसे? पहिल्या नमुन्यातच ही खोड निघाली.

यावर उपाय म्हणून पोटाची उंची वाढवली, आणि पोटाखाली पुढच्या भागात दोन्ही बाजूंना लांबट पट्ट्या बसवल्या. उडणारे पाणी त्यांना अडून खालीच दबे. कारखान्यातल्या लोकांनी त्या पट्ट्यांना नाव ठेवले ‘कात्सुओबुशी’. हा म्हणजे वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा. आपल्याकडे घरोघरी सुकट, तसा जपान्यांच्या स्वयंपाकघरात हा. पट्टीचा आकार तसाच दिसायचा म्हणे. मोठमोठ्या यंत्रांची नावे अशी चुलीपाशी सापडतात तेव्हा मला बरे वाटते.

या विमानाने १९४१ च्या सुरुवातीपासून चाचण्या दिल्या आणि त्याची एकूण १६७ विमाने बनली. पल्ला सात हजार किलोमीटरच्या आसपास. मार्च १९४२ मध्ये यांतली दोन विमाने वाटेत एका प्रवाळबेटाच्या आडोशाला उतरली, तिथे वाट बघत थांबलेल्या पाणबुड्यांकडून त्यांनी इंधन घेतले आणि पुढे जाऊन रात्री हवाईच्या ओआहू बेटावर बाँब टाकले. ढगांमुळे नेम चुकला, काही बाँब डोंगरउतारावर पडले, बाकीचे समुद्रात. जीवितहानी झाली नाही. पण इथेही पाहा, उतरायला आडोसा लागलाच.

१९४५ साली युद्ध संपले तेव्हा कावानिशीचे कारखाने बाँबफेकीत उद्ध्वस्त झाले होते. त्यावर विजेत्यांचा हुकूम आला: जपानने विमान बनवायचे नाही, उडवायचे नाही, त्याचे संशोधनही करायचे नाही आणि विद्यापीठात शिकवायचेही नाही. किकुहारांच्या विमानांपैकी एक अमेरिकेने स्वतःच्या नौदलाच्या चाचण्यांसाठी नेले. आपले विमान परदेशात अभ्यासाला गेले आहे, आणि आपल्याला मात्र त्याचे साधे चित्रही पुढे न्यायची मनाई, ही अवस्था चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला कशी वाटली असेल!

कंपनीने पोटापाण्याचा उद्योग शोधला. १९४९ साली तिचे नाव ‘शिन मेइवा’ झाले. ‘पॉइंटर’ नावाच्या मोटारसायकली, माल ओतणारे ट्रक, मिळेल ते काम. १९५२ साली बंदी उठली आणि हळूहळू विमानांच्या दुरुस्तीची कामे मिळू लागली. (याच काळात जपानने ‘वायएस-११’ हे स्वतःचे प्रवासी विमान आखायला घेतले. त्यासाठी युद्धकाळातले जे पाच नामवंत अभियंते एकत्र आले, त्यांत ‘झीरो’ विमानाचे होरिकोशी होते आणि आपले किकुहाराही होते. त्या पाचांना लोक ‘पाच सामुराई’ म्हणत.) पण किकुहारांच्या डोक्यातून पाणी काही गेले नव्हते. उतरायचे तर तीन मीटरच्या लाटांत, भर समुद्रात. त्याखाली बोलणे नाही.

तीन मीटर म्हणजे घराच्या एका मजल्याची उंची. अशा लाटेवर विमान आदळले तर ते पाणी नसते, दगडी भिंत असते. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग निम्मा केला तर दणका चौथाईवर येतो. तेव्हा किकुहारांनी पोट आणखी मजबूत करण्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. त्यांनी विचारले, विमान किती हळू उतरवता येईल?

हळू उडण्यात विमानाचे मरण असते, हे सायकल चालवणारे पोरसुद्धा समजेल. वेग कमी झाला की तोल जातो. पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते आणि विमान खाली कोसळते. यावर त्यांनी काढलेला तोडगा धाडसी होता. पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या मोठ्या झडपा असतात. त्या झडपांवरून जोरदार हवेचा झोत सोडायचा, म्हणजे वेग कमी असला तरी हवा पंखाला चिकटून राहते. शेपटीच्या सुकाणूंवरही तसाच झोत, म्हणजे हळू उडतानाही विमान वैमानिकाचे ऐकते. पण हा झोत आणायचा कुठून? त्यासाठी चार इंजिनांखेरीज पाचवे इंजिन विमानाच्या पोटात बसवायचे. ते विमान ओढणार नाही, नुसती हवा फुंकत राहणार.

तुषारांसाठी जुन्या सुक्या मासळीच्या जागी नवी युक्ती आली. नाकाच्या दोन्ही बाजूंना खालच्या कडेने पन्हळीसारखी खाच. उडणारे पाणी त्या खाचेत शिरते आणि पन्हळीतून वाहावे तसे मागे निघून जाते, पंख्यांपर्यंत पोचतच नाही. पावसाळ्यात बेळगावच्या कौलारू घराची पन्हळ पाहिलेल्यांना हे वेगळे समजावायला नको.

कागदावर सगळे जमले. पण नवे विमान एकदम बांधायला सरकार पैसे देईना, आणि ते बरोबरच होते. मग अमेरिकी नौदलाकडून एक जुनी ‘अल्बाट्रॉस’ उडती बोट मिळवली आणि तिची इतकी मोडतोड केली की मूळ विमान ओळखू येऊ नये. पोट बदलले, शेपटी उंच केली, दोन इंजिनांच्या जोडीला आणखी दोन लहान इंजिने लावली, हवा फुंकणारी यंत्रणा बसवली. डिसेंबर १९६२ मध्ये हे ‘यूएफ-एक्सएस’ नावाचे प्रायोगिक विमान उडाले. पुढे जे बनवायचे त्याची ही थोडी लहान, पण खरीखुरी उडणारी प्रतिकृती होती. समुद्रात उतरवून, लाटा खाऊन, पाणी कुठे चढते ते बघून त्यांनी आकडे जमवले. हे विमान आजही काकामिगाहारा इथल्या संग्रहालयात आहे. दिसायला अगदी ओबडधोबड, ठिगळे लावल्यासारखे. पण अख्ख्या कहाणीत मला सर्वांत जवळचे वाटते ते हेच.

५ ऑक्टोबर १९६७ रोजी खरा नमुना आकाशात गेला. तोच पुढे ‘पीएस-१’ झाला. किकुहारा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते.

आता याचे काम काय ते ऐका. शीतयुद्धाचे दिवस, जपानभोवती सोव्हिएत पाणबुड्यांची भीती. पाणबुडी शोधायची तर पाण्यात कान लावावा लागतो. पीएस-१ ने समुद्रावर उतरायचे, ध्वनियंत्र दोरीने पाण्यात सोडायचे, ऐकायचे, गुंडाळायचे, उडायचे, थोडे पुढे जाऊन पुन्हा उतरायचे. एकेका फेरीत हे पुन्हापुन्हा. कल्पना मोहक होती, आणि विमान हे सारे करू शकत होते. पण दरम्यान वरून पाण्यात टाकून द्यायची, रेडिओवर बातमी देणारी तरंगती ध्वनियंत्रे स्वस्त आणि चांगली झाली. साधे विमान हवेतूनच ती पेरू लागले. मग समुद्रात उतरायची गरजच काय?

दुसरी बाजू याहून जड आहे. एकूण २३ विमाने बनली, त्यांतली सहा अपघातांत गेली. खाली उडायचे, हळू उडायचे, लाटांना टेकायचे. चुकीला जागाच नाही. या अपघातांत माणसे गेली. एखाद्या यंत्राचे कौतुक लिहिताना हा हिशेब बाजूला ठेवणे बरे नव्हे. लाटेवर उतरण्याची विद्या फुकट मिळालेली नाही, तिचे मोल सैनिकांच्या घरांनी दिले आहे. १९८९ पर्यंत पीएस-१ सेवेतून बाद झाले. दोन वर्षांनी, १९९१ साली किकुहाराही गेले.

पण तोवर त्या विमानाचा धाकटा भाऊ कामाला लागला होता. ध्वनियंत्र काढले, त्या जागी स्ट्रेचर आणि वैद्यकीय सामान ठेवले, धावपट्टीवर उतरता येतील अशी पक्की चाके लावली. पीएस-१ च्या चाकांवर फक्त पाण्यातून उतारावर चढता यायचे. ‘यूएस-१’ नावाचे हे बचाव विमान ऑक्टोबर १९७४ मध्ये प्रथम उडाले. डिसेंबर २००३ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती ‘यूएस-२’ आली. पाचवे इंजिन आहे तसेच, पन्हळीची खाचही आहे. सुमारे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे महामार्गावरच्या मोटारीइतक्या वेगाने ते पाण्याला टेकते आणि साडेतीनशे मीटरच्या आत थांबते. लाटांची मर्यादा? तीन मीटर. म्हाताऱ्याने धरलेला आकडा तसाच राहिला.

याचा उपयोग कुणाला, तर तोक्योच्या दक्षिणेला हजार किलोमीटरवर ओगासावारा नावाची बेटे आहेत तिथल्या लोकांना. या बेटांवर विमानतळ नाही. बोटीने जायला चोवीस तास लागतात. तिथे कुणाला झटका आला, बाळंतपण अडले, तर समुद्रावर उतरणारे हेच विमान येते, कित्येकदा रात्री. या घराण्यातल्या विमानांनी बेटांवरून आणि जहाजांवरून हजारावर फेऱ्या आजारी आणि अडकलेल्यांसाठी केल्या आहेत.

एक प्रसंग तर जपानभर गाजला. जून २०१३ मध्ये जिरो शिंबो हे दूरचित्रवाणीवरचे नामवंत निवेदक आणि मित्सुहिरो इवामोतो हे दृष्टिहीन नाविक, दोघे शिडाच्या छोट्या बोटीतून प्रशांत महासागर ओलांडायला निघाले. काही दिवसांनी, २१ जूनला, बोटीला खालून जबर धक्का बसला. बहुधा देवमासा असावा. बोटीत पाणी भरू लागले, दोघे रबरी तराफ्यावर उतरले. किनारा सुमारे बाराशे किलोमीटर दूर. हेलिकॉप्टर तिथवर जाऊन परत येऊ शकत नाही, जहाजाला वेळ लागणार. पहिले यूएस-२ आले, लाटा पाहून उतरू शकले नाही, इंधन संपत आले तसे परतले. तराफ्यावरच्या माणसांना वर घरघर ऐकू येते आहे आणि ती दूर जाते आहे, हे नुसते मनात आणून बघा. संध्याकाळी दुसरे विमान आले आणि तीन मीटरच्या आसपासच्या लाटांवर टेकले. दोघांना आत घेतले आणि तेवढ्याच लाटांतून पुन्हा उडाले. पत्रकारांसमोर बोलताना शिंबोंना रडू आवरले नाही. इवामोतो मात्र हट्टी निघाले. २०१९ साली एका अमेरिकी साथीदाराबरोबर त्यांनी सान दिएगोहून निघून तोच महासागर कुठेही न थांबता पार केला.

सगळेच सुरळीत आहे असे नाही. एप्रिल २०१५ मध्ये सरावात एक यूएस-२ समुद्रावरून उडताना अपघातात सापडले. आतले सगळे १९ जण वाचले, विमान मात्र गेले. समुद्र अजून समुद्रच आहे.

आणि भारत? अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, सात हजारांहून अधिक किलोमीटरचा किनारा. असे विमान आपल्याला हवेसे वाटले यात नवल नाही. मे २०१३ मध्ये भारत आणि जपानच्या पंतप्रधानांनी यूएस-२ साठी संयुक्त गट नेमण्याचे जाहीर केले. २०१४ साली जपानने शस्त्रनिर्यातीचे आपले कडक नियम सैल केले. पुढे बैठका झाल्या, वर्तमानपत्रांत दहा-बारा विमानांचे आकडे आले. पण एका विमानाची किंमत दहा कोटी डॉलरच्या पुढे! त्यात पाणी आणि आकाश दोन्ही सांभाळायचे म्हणजे देखभाल दुप्पट. करार काही झाला नाही. नौदलाची अडचण मला कळते. तेवढ्या पैशांत इतर कितीतरी गोष्टी येतात. तरीही मिनिकॉयसारख्या बेटावर वादळी रात्री एखादी बाळंतीण अडली, तर हिशेब कुठल्या वहीत मांडायचा, हेही मनात येतेच.

अमेरिकेने नेलेले किकुहारांचे ते युद्धकाळातले विमान १९७९ साली जपानला परत मिळाले. आता ते कानोयाच्या तळावर प्रदर्शनात उभे आहे. तिथे जाणे आपल्यापैकी फारच थोड्यांना जमेल. बोगमाळो मात्र सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतके जवळ आहे. गेलात तर सीलँडच्या बाजूला उभे राहून फोटो काढून लगेच पुढे जाऊ नका. जरा खाली वाकून त्याच्या पोटाकडे बघा. साधारण मध्यावर एक आडवी पायरी दिसेल. आमच्या भाच्याला ती दाखवली तेव्हा त्याने घरी येऊन आधी आजीचे घमेले पळवले, आणि परसात पाण्याचा सडा पडेपर्यंत ताट उचलून बघत राहिला.